बोटी वर, पोरं अंगणवाडीत

रायगडच्या किनाऱ्यावर १ जूनला इंजिनाच्या बोटींना मासेमारीची बंदी लागते, ती ३१ जुलैपर्यंत. त्याच जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. या दोन गोष्टी एकाच महिन्यात येतात, पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे असं कुणाच्या मनात येत नाही. मुरूड तालुक्यातल्या एका कोळीवाड्यात अंगणवाडी सेविका म्हणून मी माझी सगळी नोकरी केली. आमच्याकडच्या लहान मुलाला पहिल्यांदा घराबाहेर बसवायला याहून चांगले दिवस नाहीत, असं माझं ठाम मत झालंय. कारण या दोन महिन्यांत बाप घरी असतो.

एरवी तो नसतोच. मोठ्या बोटीवरचा खलाशी एकदा गेला की चार-पाच दिवस समुद्रात. आला की मासळी उतरवायची, बर्फ भरायचा, डिझेल भरायचं, झोप काढायची की पुन्हा निघायचं. आई पहाटे बंदरावर लिलावाला उभी. तिथून टोपली डोक्यावर घेऊन बाजारात, नाहीतर मिनीडोअरनं आतल्या गावांत दारोदार. ती दुपारी घरी येते. तोवर पोराला आजी बघते किंवा पाचवी-सहावीतली बहीण. शहरातली माहितीपत्रकं सांगतात, ‘आईवडिलांनी मुलाला रोज सकाळी शाळेबद्दल छान गोष्टी सांगाव्यात.’ आमच्या घरांत रोज सकाळी आईवडील असतातच कुठे? जूनमध्ये मात्र बोटी वर ओढून, झापांनी आणि प्लास्टिकनं शाकारून ठेवलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला पडवीत काढलेली असतात, आणि बाप तिथंच बसलेला असतो. त्याला कुणीतरी सांगायला हवं की हे तुझं काम आहे.

सरकारची या बाबतीतली खटपट खरोखर चांगली आहे, आणि तिच्यात मी स्वतः राबले आहे. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ नावाचं शाळापूर्व तयारी अभियान चालतं. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी एप्रिलमध्ये शाळेत एक मेळावा आणि जूनमध्ये दुसरा. शाळेच्या आवारात टेबलं मांडतात. नावनोंदणी झाली की मूल एकेका टेबलावर जातं. एका ठिकाणी दोरीवरून चालायचं, उड्या मारायच्या. दुसरीकडे कागद कापायचा, रंग भरायचा. कुठे चित्र बघून गोष्ट सांगायची, कुठे वस्तूंचे गट लावायचे, लहानमोठं, कमीजास्त ओळखायचं. कुठे घरातल्या माणसांबद्दल बोलायचं. शेवटच्या टेबलावर पालकांशी बोलणं होतं आणि घरी करायच्या छोट्या कृतींची कार्डं मिळतात. मुलाला काय जमलं ते विकासपत्रावर लिहितात. एप्रिल ते जून या मधल्या काळात वस्तीतल्या आयांचे गट करायचे, त्यांनी एकत्र बसून मुलांकडून त्या कृती करून घ्यायच्या, अशी रचना आहे.

माता गटांनी फार मोठं काम केलं. ज्या बायका शाळेची पायरी चढायला कचरायच्या, त्या टेबलामागं उभ्या राहून दुसऱ्यांच्या मुलांशी बोलायला लागल्या. पण एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे ऐन हंगाम. बोंबील, जवळा, मांदेली वाळवायची ती पाऊस पडायच्या आत. बायकांना मान वर करायला वेळ नसतो. त्यात कार्डं फक्त तिच्याच हातात द्यायची म्हणजे तिच्या पाटीत आणखी एक वजन. म्हणून मी बापांना बोलवायला लागले. आधी कुणी आलं नाही. मग मीच बंदरावर जायला लागले. जाळी दुरुस्त करत चौघं-पाचजण बसलेले असतात, तिथंच टेकायचं. पंचायतीच्या हॉलमधल्या खुर्चीवर बसवून जे बोलता येत नाही, ते तिथं सहज बोलता येतं.

मी त्यांना काय सांगायचे? अक्षरं आणि आकडे शिकवा असं कधीच सांगितलं नाही. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत नाहीतर बालवाडीत बसायचं तर त्याला शू लागली हे सांगता आलं पाहिजे, चड्डी स्वतः खाली-वर करता आली पाहिजे (म्हणून नाड्याची नको, इलॅस्टिकची घ्या), स्वतःच्या हातानं चार घास खाता आले पाहिजेत, आणि पाणी हवं असलं तर अनोळखी बाईकडे मागता आलं पाहिजे. एवढं आलं की त्याचा निम्मा धीर जमा झाला. आमच्या घरांत आजीच्या हातचे घास खायची सवय शाळेत जाईपर्यंत सुटत नाही. आजी मायेनं भरवते, तिला दोष नाही. पण वीस मुलांत एक सेविका आणि एक मदतनीस, ताटात गरम खिचडी, आणि पोर आ करून बसलंय! त्याचं पोटही भरत नाही आणि मनही. बंदीच्या पहिल्या पंधरवड्यात बापानं रोज एकदा पोराला शेजारी बसवून जेवावं, भात सांडला तर सांडू द्यावा. एवढ्यानं होतं.

आणि एक गोष्ट बंद करा, असं मी हात जोडून सांगायचे. ‘थांब, तुला शाळेतच घालते, बाई सरळ करतील.’ हे वाक्य प्रत्येक पडवीत ऐकू येतं. मस्ती केली की शाळा, जेवला नाही की शाळा. ज्या जागेची दोन वर्षं भीती घातली, तिथं पोर हसत कसं जाईल? पोराच्या लेखी मी म्हणजे शिक्षा. ती समजूत पुसायला मला अख्खा पावसाळा लागायचा.

एका खलाशाची गोष्ट सांगते. त्याची लेक तीन वर्षांची, आईच्या पदराबाहेर न पडणारी. बंदी लागल्यावर तो तिला खांद्यावर घेऊन आला आणि दारातच थांबला. म्हणाला, “बाई, मी हितंच बसू का?” मी म्हटलं, “बस की दादा.” दुसऱ्या दिवशी तो जाळ्याचा एक तुकडा आणि सुई घेऊनच आला. पायरीवर बसून गाठी मारत राहिला. पोर आत यायची, ठोकळ्यांना हात लावायची, धावत बाहेर जाऊन बापाच्या गुडघ्याला टेकायची, परत आत. तो तिला ‘आत जा’ म्हणाला नाही आणि उचलूनही घेतलं नाही. आपलं काम करत राहिला. हळूहळू तिच्या फेऱ्या कमी झाल्या. आठवडा गेला तेव्हा एका सकाळी त्यानं तिला समोर उभं करून सांगितलं, “मी बोटीकडं जातो. तुझी खिचडी खाऊन झाली का येतो.” ती रडली. मी तिला जवळ घेऊन खिडकीपाशी उभी राहिले. रडणं ओसरलं, ताटं मांडली गेली, शेवटचा घास झाला आणि तो दारात हजर. त्या दिवसानंतर ती रडली नाही असं नाही, पण ‘तो येतो’ हे तिला कळलं होतं.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. जर्मनीतल्या बालकेंद्रांत मात्र हेच नियमानं करतात. बर्लिन पद्धत म्हणून ती ओळखली जाते. पहिले तीन दिवस आई किंवा बाप मुलाबरोबर त्याच खोलीत बसतो आणि मुलाला एकटं सोडायचा प्रयत्नच करत नाहीत. चौथ्या दिवशी पालक निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जातो, जास्तीत जास्त अर्धा तास. मूल कसं वागतं, सांभाळणाऱ्या बाईकडून शांत होतं का, हे बघून पुढचे दिवस ठरवतात. एखाद्याला आठवडा लागतो, एखाद्याला तीन. पद्धतीचं मर्म एवढंच की मुलाचं आधी त्या जागेशी आणि त्या बाईशी नातं जुळू द्यायचं, मग घरच्या माणसानं उठायचं. आपल्याकडे उलटं होतं. पहिल्याच दिवशी पोराला दारातून आत ढकलायचं, बाईनं हात धरायचा, आई पळत सुटायची. ‘सवय होते हो, चार दिवस रडेल.’ चार दिवसांनी ते गप्प होतं हे खरं. पण गप्प झालेलं आणि रमलेलं यातला फरक रोज मुलांत बसणाऱ्या बाईला लांबूनही दिसतो. गप्प झालेलं मूल खेळण्याला हात लावत नाही, दप्तर काखेतून खाली ठेवत नाही, आणि त्याची नजर सगळा वेळ दारावर असते.

चोरून निघून जाणं हा सगळ्यात वाईट प्रकार. ‘खाऊ आणायला जाते’ म्हणून आई निघते आणि येत नाही. तिला वाटतं रडं वाचलं. पोराला मात्र एवढंच कळतं की मान वळवली की माणूस नाहीसं होतं. मग ते घरीसुद्धा आईला संडासात जाऊ देत नाही. निघताना सांगून निघा. थोडक्यात सांगा, आणि एकदा सांगितलं की रेंगाळू नका. परत येण्याची वेळ पोराला समजेल अशी सांगा. ‘बारा वाजता’ याला त्याच्या लेखी काही अर्थ नाही. ‘खिचडी झाल्यावर’ याला आहे. दर्याकाठच्या पोराला वेळ कळत नाही असं मात्र कुणी समजू नये. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, हे आमची पाच वर्षांची पोरं आजोबांच्या बोलण्यातून उचलतात.

आता लिहिण्याबद्दल. हल्ली आमच्या गावांतही इंग्रजी नर्सरीच्या गाड्या येतात. तीन वर्षांच्या मुलाला गृहपाठ असतो, पानभर उभ्या रेघा, पानभर आडव्या. मूल रडत रेघा काढतं आणि घर खूश. मला याचं फार वाईट वाटतं. आपल्या मनगटात आठ बारीक हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि वर्षांमागून वर्षं एकेक करून हाड बनत जातात. तीन वर्षांच्या मुलात त्यांतली साधारण तीन-चारच तयार झालेली असतात. हात अजून घडतोय. त्याला पेन्सिलीआधी बोटांचं काम हवं.

ते काम आमच्या घरात पडलेलं आहे. सुकवलेला जवळा आजी सुपात घेऊन निवडायला बसते तेव्हा शेजारी बसलेलं पोर बघा. जवळा म्हणजे नखाएवढी कोळंबी, वाळल्यावर तर काडीसारखी हलकी. त्यात काडी असते, शिंपल्याचा तुकडा असतो, एखादं मांदेलीचं पिल्लू असतं. ते अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी उचलून बाजूला टाकायचं. जोरात धरलं तर जवळा चुरतो, सैल धरलं तर निसटतो. आजीनं एकदा ‘अगं, चुरलास की’ म्हटलं की पोर पुढच्या वेळी बोटं हलकी करतं. पेन्सिल धरायची पकड हीच, आणि डोळ्यांनी बारीक फरक ओळखून बोट तिथंच न्यायचं हेही तेच. पुढे ‘ब’ आणि ‘व’ वेगळे काढायला हीच नजर लागते. शिवाय ‘चांगला इकडे, कचरा तिकडे, मासा वाटीत’ म्हणजे मेळाव्यातल्या टेबलावरचं वर्गीकरणच. मी आज्यांना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, “बाई, ह्यो अभ्यास हाय?” हाय! त्यासाठी बाजारातून प्लास्टिकचे मणी आणायची गरज नाही. ओहोटीला पोरांनी गोळा केलेल्या शिंपल्या धुऊन डब्यात ठेवा, जाळ्याच्या जुन्या बोया ठेवा, दोरीचा तुकडा गाठी मारायला द्या.

बोलीचा प्रश्नही घरानं समजून घ्यायला हवा. आमच्या तालुक्यातच, कुंडलिकेच्या मुखाशी, कोर्लई गाव आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, पण किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीजच्या मुळाची, मराठीत मुरलेली बोली अजून चालू आहे. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. घरात ही बोली आणि गावात मराठी, अशा दोन भाषांत वाढणारी ती मुलं आहेत. कोळी, आगरी, कातकरी घरांतल्या मुलांचं तसंच आहे, फक्त त्यांच्या बोलीला कुणी भाषा म्हणत नाही. पोर वर्गात कोळी बोलीत बोललं की ‘शुद्ध बोल’ म्हणून त्याला टोकलं जातं आणि ते तोंड मिटतं. ‘शाळेत जायचंय, आता घरात शुद्ध बोला’ असा फतवा काढणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही लहान वयात घरच्या भाषेवर भर दिलाय. आजीची गाणी, समुद्राच्या गोष्टी, माशांची नावं जितकी घरच्या बोलीत कानावर पडतील तितका त्याचा शब्दसाठा वाढेल. प्रमाण मराठी बाईच्या तोंडून येईलच. बाईनं मात्र घरच्या बोलीतली पाच-पन्नास वाक्यं शिकून घेतली पाहिजेत, निदान ‘भूक लागली’ आणि ‘दुखतंय’ तरी.

वयाचं थोडक्यात सांगते, कारण यावरून घरोघर घाई चालते. महाराष्ट्रात नर्सरीसाठी ३ वर्षं आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण हवीत, आणि वय मोजतात ३१ डिसेंबरला. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये अडीच वर्षांचं असतानाच नर्सरीत जाऊ शकतं. नियम परवानगी देतो म्हणून पाठवलंच पाहिजे असं नाही. अडीच आणि साडेतीन यांत केवढं अंतर असतं! पाठीवर भाऊ किंवा बहीण नुकती झाली असेल तर थांबाच. नाहीतर पोराला वाटतं, हे नवं आलं म्हणून मला घरातून काढलं.

ज्यांच्यापर्यंत एप्रिलचा मेळावा पोचतच नाही ती मुलं कातकरी वाड्यांवरची. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामाला जातात, पावसाच्या तोंडावर परततात. मेळाव्याच्या दिवशी यादीत नाव असतं आणि झोपडीला दार लावलेलं असतं. जूनमध्ये ही मुलं येतात ती इतर मुलांच्या अर्धं वर्ष मागून, आणि सगळ्यांच्या आधी गळतात. त्यांना ‘शाळेत पाठवा’ असं सांगून काही होत नाही. तिथं जावं लागतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला हेच केलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, म्हणून त्या बालवाडी घेऊन पाड्यावर गेल्या, झोपडीपुढच्या अंगणात बसल्या, मुलांना आंघोळी घातल्या, पानंफुलं, दगड, बिया यांचीच साधनं केली. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना आज गावोगाव अंगणवाड्या चालवते. पण ते अंगणात जाऊन बसणं आम्हा सेविकांच्या रजिस्टरांत आणि मोबाईलवरच्या नोंदींत हरवत चाललंय. जूनच्या पहिल्या आठवड्यात नोंदींतून थोडी सवड मिळाली, तर प्रत्येक सेविका वाडीवर जाऊन पाच सकाळी बसू शकेल. मुलांना बाईचा चेहरा आधी घरच्या अंगणात दिसेल, आणि आईबापांनाही.

शेवटचं, जे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं, ते ऑगस्टचं रडणं. जूनमध्ये बाप पोराला आणतो, पोर रमतं, सगळे निश्चिंत होतात. ३१ जुलै संपतो, नारळी पौर्णिमेच्या सुमाराला दर्या शांत होतो, बोटी पाण्यात उतरतात आणि बाप एका पहाटे निघून जातो. दोन महिने हसत येणारं पोर अचानक दारात लोळण घेतं. घरचे म्हणतात, बाईनं मारलं असेल, नाहीतर नजर लागली. तसं काही नसतं. ज्या हातानं ते आलं तो हात नाहीसा झालेला असतो. म्हणून जुलैच्या शेवटच्या दहा दिवसांत सोडायला येणारं माणूस बदला. आधी बाप आणि आजी दोघांनी यावं, मग आजीनं न्यावं आणि बापानं घ्यायला यावं, मग दोन्ही वेळा आजीच. पोराला बंदरावर नेऊन बोट दाखवा, बर्फ कुठे भरतात, बाबा कुठे झोपतो ते दाखवा, ‘मी इतक्या रात्री बोटीवर झोपणार, मग येणार’ असं सांगा. आणि आजीनं आमच्याकडे एक दिवस आधी निरोप द्यावा की उद्या बोट जातेय. त्या सकाळी मी बाकीची कामं मदतनीसांवर टाकून दारातच उभी राहायचे.